तिसऱ्या रांगेतले चेहरे

त्याने बटण दाबून चित्र थांबवलं आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"सांगा. मूळ कुठलं? डावं की उजवं?"

खोलीत काळे पडदे ओढलेले होते. समोरच्या भिंतीवर दोन मोठे स्क्रीन शेजारीशेजारी, आणि दोन्हींवर एकच चित्र: खिडकीशी उभी असलेली एक बाई आणि तिच्यामागे दाट झाडी. विक्रीखात्याचा प्रमुख उठून भिंतीपाशी गेला. त्याने उजव्या स्क्रीनला नाक लावलं, मग डाव्याला, मग पुन्हा उजव्याला.

"उजवं," तो म्हणाला. "उजवं जरा जास्त ताजं वाटतंय."

"मलाही उजवंच," हिशेबखात्याच्या बाई म्हणाल्या. विक्रीवाला जे म्हणेल तेच त्यांना नेहमी वाटायचं.

"उजव्यातला ऐंशी टक्के माल मी फेकून दिलाय," तो म्हणाला. "ताजं वाटतंय ते त्यामुळेच असेल."

हसू पिकलं. विक्रीवालाही हसला, पण जागेवर येऊन बसताना त्याचे कान लाल झाले होते. ते पाहून बटण दाबणाऱ्याला बरं वाटलं. माणसं ऑफिसात त्याला 'कात्री' म्हणत, आणि हे नाव तोंडावर घेतलं तरी त्याची ना नसे. कंपनी लहानमोठ्या सभागृहांतले कार्यक्रम घरोघरी थेट दाखवायची. वाद्यवृंद, शाळांची गायनं, व्याख्यानं, बुद्धिबळाचे सामने. एवढं सगळं चित्र इंटरनेटच्या वाटेने न्यायचं तर ते आधी पिळून लहान करावं लागतं, आणि ते पिळण्याचं काम त्याचं होतं. जे हललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही. जे शेजाऱ्यासारखं दिसतं त्याला शेजाऱ्याचाच रंग द्यायचा. आणि जिथे माणसाची नजर जात नाही तिथलं खुशाल टाकून द्यायचं. नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही हे आपल्याला त्या नजरेच्या धन्यापेक्षा जास्त कळतं, असं त्याचं मत होतं. आजवर कुणी ते खोडून काढलेलं नव्हतं.

"इथे ठीक आहे," टेबलाच्या टोकाला बसलेल्या संचालकबाई म्हणाल्या. "पण घरी रोज बघणारा माणूस? त्याच्या लक्षात आलं तर? तक्रारी येतील."

"घरी रोज बघणाऱ्या माणसावर करून झालंय."

"कुणावर?"

"माझ्या वडिलांवर."

पुन्हा हसू. त्याने ते ओसरू दिलं आणि मग सांगितलं. वडिलांचं खातं त्याने गुपचूप चाचणीच्या गटात टाकलं होतं. दर आठवड्याला एक पायरी खाली. एचडीच्या नावाखाली आता ते जे बघत होते त्याला एचडी म्हणणं म्हणजे ताकाला दूध म्हणण्यासारखं होतं. "म्हातारा रोज टीव्हीसमोर असतो. आणि माणूस साधासुधा नाही, आयुष्यभर लोकांच्या चुका काढायचाच पगार घेतलाय त्याने. तरी हूं नाही की चूं नाही."

"त्यांना माहीत आहे?" नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं.

"माहीत असतं तर त्याला चाचणी म्हटलं असतं का?"

संचालकबाईंनी पेनाचं टोपण लावलं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना हेच पाठवायचं असं ठरलं.

*

घरी तो आला तेव्हा बाबांची खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ सरकलेली होती. पूर्वी ती खिडकीशी असे. मग ती गालिच्याच्या काठावर आली, आणि आता तर टीव्हीच्या पुढ्यातच. बाबा चष्मा काढून, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसून, तो परत नाकावर चढवत होते.

"एवढं जवळून बघू नका," तो बूट काढता काढता म्हणाला.

"हं," बाबा म्हणाले. खुर्ची हलली नाही.

बाबा वाहन परवान्याच्या परीक्षा घ्यायचे. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी नापास केलेलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलेलं नव्हतं. "गाडी चालवता येईना, रस्ता वाकडा," एवढं बोलून ते शिक्का मारायचे. पोटच्या मुलालाही त्यांनी पहिल्या खेपेला नापास केलं होतं, आरशात न बघता वळल्याबद्दल. ही गोष्ट मुलाने अजून पुरती गिळलेली नव्हती.

टीव्हीवर वाद्यवृंदाचा मागच्या महिन्याचा कार्यक्रम चालू होता. बाबा तो पुन्हा बघत होते. एकच कॅमेरा, प्रेक्षकांच्या मागे कुठेतरी उंच भिंतीवर बसवलेला, आणि त्यातून दिसणारा सगळा मंच. काळे कपडे घातलेली चाळीसेक माणसं, बहुतेक वेळ जागच्या जागी. पिळायला याच्यासारखं सोपं चित्र नाही. त्याची धाकटी बहीण त्यातल्या तिसऱ्या रांगेत बसून व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. त्याच्या मते ते वाद्य मुळात कुणाला ऐकूच येत नसे. ते सगळ्या मंचावरून उचलून नेलं तरी टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. बहीण दूरच्या शहरात राहायची, वर्षातून एकदा यायची, आणि दर महिन्याच्या त्या दीड तासासाठी बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसायचे.

"ठकी कुठे बसलीय रे?" बाबांनी एकदम विचारलं. चाळिशीला आलेल्या बाईला ते अजून ठकी म्हणत.

"तिसऱ्या रांगेत. नेहमीसारखी."

"ते मला माहीत आहे." बाबा थोडं पुढे वाकले. स्क्रीनच्या कोपऱ्यात एचडी ही दोन अक्षरं सुरीने कापल्यासारखी रेखीव दिसत होती. बाबांनी त्या अक्षरांकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेकडे, मग पुन्हा अक्षरांकडे. चष्मा काढून त्यांनी बोटांनी डोळे चोळले.

तो हात धुवायला आत गेला.

त्याच आठवड्यात बाबांनी गाडीच्या किल्ल्या त्याच्या बायकोच्या हातात ठेवल्या. ती स्वयंपाकघरात औषधांचा डबा लावत होती. तिचं औषधांचं दुकान होतं, आणि घरातल्या गोळ्याही ती दुकानातल्यासारख्याच ओळीने लावायची.

"हे काय, बाबा?"

"ज्याला पोटच्या पोरीचं तोंड ओळखू येत नाही, त्याने चाक धरू नये," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुणाला मी धरू दिलं नसतं."

तिने जेवताना नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. आता तरी सुटलो." बाबा सकाळी मंडईत जायचे, मित्राकडे जायचे, नदीकाठच्या रस्त्याने उगीच एक फेरी मारून यायचे. ते सगळं थांबलं. आता ते दिवसभर घरीच असायचे आणि साहजिकच टीव्ही जास्त बघायचे. चाचणीला तेवढीच जास्त माहिती मिळाली.

*

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे बाबांना घेऊन गेली ती त्याची बायकोच. संध्याकाळी परत आली तेव्हा तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. नवी पद्धत सगळ्यांना सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते.

"थोडासा मोतीबिंदू आहे म्हणाल्या," ती म्हणाली. "वयाप्रमाणे असतो तेवढा. एरवी त्यांनी हात लावला नसता. पण बाबा म्हणतात, टीव्हीवरचे चेहरे लागत नाहीत. एकमेकांत मिसळतात, कणकेच्या गोळ्यासारखे होतात. त्या म्हणाल्या, एवढा त्रास होत असेल तर काढून टाकू."

त्याची बोटं कीबोर्डवर थांबली. फार वेळ नाही. मग त्याने वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला, आणि स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला,

"मग करून टाका. वय झालंय त्यांचं."

"तू येशील?"

"ह्या आठवड्यात? कसं शक्य आहे?"

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. बाबा काळा चष्मा लावून घरी आले आणि सून दिवसातून चारदा डोळ्यात थेंब घालू लागली. बाबा एरवी कुणाचं ऐकणारे नव्हते, पण थेंबांच्या वेळी ते शाळेतल्या मुलासारखे मान मागे टाकून बसायचे. सोमवारी ऑफिसात नवी पद्धत सगळ्यांना सुरू झाली. संचालकबाईंनी भाषण केलं, विक्रीवाल्याने सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोराने टाळ्या वाजवल्या. बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची वाट, निम्म्याहून जास्त वाचत होती. तक्रारी नव्हत्या म्हणजे जवळजवळ नव्हत्या. दोनचार माणसांनी लिहिलं होतं की चित्र जरा गुळगुळीत वाटतं. त्याने ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवली, एका म्हाताऱ्याचा आवाज काढून.

शनिवारी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. बाबांनी काळा चष्मा काढला, इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्ची मुद्दाम मागे, खिडकीशी नेऊन ठेवली. आता लांबून दिसायला हवं होतं. पहिली दहा मिनिटं ते ताठ बसले होते. मग खुर्चीच्या काठावर आले. मग खुर्ची घेऊनच पुढे सरकले. तो सोफ्यावरून हे सगळं बघत होता. कार्यक्रम संपला तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या, आणि फोन मागितला.

"ठके, फार छान झालं गं," ते फोनवर म्हणाले. "आणि दिसलीस पण किती छान. हो, हो, अगदी स्पष्ट. डोळा काय, नवाकोरा आहे."

फोन ठेवून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बाहेर समोरच्या इमारतीतली एक बाई गच्चीवर कपडे काढत होती, आणि बाबांचे ओठ हलत होते. ते कपडे मोजत असावेत.

*

बहिणीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती त्याला सहसा फोन करत नसे.

"दादा, बाबांचं ऑपरेशन नीट झालंय ना?"

"झालंय की. का?"

"काल त्यांनी मला सांगितलं, छान दिसलीस."

"मग?"

"मी काल नव्हतेच," ती म्हणाली. "ताप आला होता, घरी पडून होते. माझ्या खुर्चीवर एक मुलगा बसला होता. दाढीवाला." ती हसली, आणि ते हसू मधेच कुठेतरी तुटलं. "मी त्यांना काही बोलले नाही. पण दादा, त्यांना दिसत नाहीये रे. तू जरा लक्ष दे ना."

"बघतो," तो म्हणाला.

सोमवारी त्याने ऑफिसात ती काळे पडदे असलेली खोली घेतली, दार लावलं, आणि बाबांच्या खात्यात शिरून कालपरवाचा कार्यक्रम भिंतीवर लावला. असा तो त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने आकडे पाहिले होते. किती वाचलं, किती गेलं, कुठल्या फ्रेमला किती मिळालं. आता तो तिसरी रांग शोधू लागला. पहिल्या रांगेला नाकं होती. दुसऱ्या रांगेला निदान नाक असावं अशी जागा होती. तिसऱ्या रांगेत काळ्या कपड्यांवर एकसारखे फिकट गोळे ठेवलेले होते, आणि सूर चढला की ते जरासे थरथरायचे. दाढीवाला त्यात कुठला, हे त्याला सांगता येईना. तो उठून भिंतीपाशी गेला आणि त्याने स्क्रीनला नाक लावलं.

मग तो जागेवर आला आणि त्याने बाबांचं खातं चाचणीतून काढून मूळ दर्जावर नेऊन ठेवलं. एका टिचकीचं काम. दार उघडून बाहेर आला तेव्हा नवी मुलगी कॉफीचे कप घेऊन चालली होती.

"काही बिघडलंय का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "काय बिघडणार?"

*

पुढच्या कार्यक्रमाला बाबा पहिली काही मिनिटं नेहमीसारखेच काठावर बसले होते. मग ते ओरडले. बायको स्वयंपाकघरातून हातातली पळी घेऊनच धावत आली.

"दिसली! ही बघ. ही! खालचा ओठ चावतेय बघ, लहानपणी चावायची तसाच. अगं, हिने केस कापले! मला बोललीसुद्धा नाही." त्यांचं बोट स्क्रीनवर टेकलं होतं आणि ते उचलायला तयार नव्हतं. "वाळलीय जरा. आणि हा शेजारचा दाढीवाला कोण? हा पूर्वी नव्हता."

पुढचा तासभर त्यांनी मंचावरच्या सगळ्यांची हजेरी घेतली. ढोलवाल्याला झोप येतेय. पुढची म्हातारी चपला काढून बसलीय. मधेच ते दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसले आणि मग पुन्हा बघू लागले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आधी फोन केला तो मुलीला नव्हे, डॉक्टरीणबाईंना.

"बाई, तुमच्या हाताला यश आहे," ते म्हणाले. "उशिरा आला, पण काय गुण आलाय! आता डावाही करून टाकू. थांबायचंच कशाला?"

आणि त्यांनी तारीख घेऊनही टाकली.

तो सोफ्यावर बसला होता. त्याने रिमोट उचलला, खाली ठेवला.

"बाबा, डाव्याची काही गरज नाही."

"का? उजव्याचा गुण डोळ्यांनी बघतोयस ना?"

"तो डॉक्टरचा गुण नाही. मी तुमच्या खात्याचा दर्जा वाढवला. चित्रच आता चांगलं येतंय. म्हणून दिसतंय."

बाबांनी त्याच्याकडे नवी गाडी घेऊन आलेल्या उमेदवाराकडे बघावं तसं पाहिलं.

"तू वाढवलास."

"हो."

"डॉक्टरीणबाईंनी डोळा उघडला, भिंग बसवलं. हिने महिनाभर न चुकता थेंब घातले. आणि श्रेय कुणाचं? ह्याचं!" ते सुनेकडे वळले. "आयत्या बिळावर नागोबा. लहानपणापासून असाच आहे गं हा. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही."

"बाबा, मी खरं सांगतोय."

"ऑपरेशनच्या दिवशी कुठे होतास?"

बायकोने पळी टेबलावर ठेवली.

"वाढवलास म्हणजे?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "आधी कमी कुणी केला होता?"

"ते सिस्टीम करते," तो म्हणाला. "आपोआप होतं ते."

ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मुदत संपलेली बाटली शेल्फवरून उतरवताना ती लेबल वाचायची, तेवढाच वेळ. मग पळी उचलून आत गेली. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली,

"उद्या मला दुकान आहे. तू जा."

*

डोळ्यांच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बाकं भरली होती, भिंतीला टेकून माणसं उभी होती. बाबांना एकाने उठून जागा दिली, त्यांनी आपल्या शेजारी मुलालाही दाटीवाटीने बसवून घेतलं. हिरव्या झग्यातली सिस्टर दारातून डोकावून एकेकाला आत नेत होती.

"एवढी गर्दी?" त्याने तिला विचारलं.

"हल्लीच वाढलीय," ती म्हणाली. "काय झालंय कळत नाही. सगळ्यांचं एकच."

समोरच्या बाकावरच्या काठीवाल्या गृहस्थांना हे ऐकू गेलं. "पेपर वाचता येतो मला," ते म्हणाले. "बसचा नंबर लांबून दिसतो. टीव्हीतली माणसंच तेवढी पुसल्यासारखी दिसतात. आणि टीव्ही तर नवा आहे, एचडी आहे."

"अगदी हेच मला होत होतं," बाबा उत्साहाने म्हणाले. त्यांनी उजव्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून दाखवली. "करून घ्या. बिलकुल घाबरू नका. मला आता मुलीच्या कानातलं दिसतं, इथून तिथे."

दोनतीन जण पुढे वाकून त्यांच्या डोळ्यात बघू लागले. बाबा सगळ्यांना सांगत होते. दुखत नाही, दोन दिवस चुरचुरतं, थेंब चुकवायचे नाहीत. एक नवरा आपल्या बायकोला म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" बाबांचा मुलगा भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसला. सगळ्यांत खालची, सगळ्यांत बारीक ओळ त्याला बसल्या जागेवरून वाचता येत होती.

बाबांच्या दुसऱ्या बाजूला एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी पिशवीतून टॅब काढला आणि बाबांच्या पलीकडून त्याच्यासमोर धरला.

"तुमचे डोळे तरुण आहेत," त्या म्हणाल्या. "जरा बघा ना. ह्यात माझा नातू गातोय. शाळेचा कार्यक्रम आहे. मी सगळा चारदा पाहिला, मला काही सापडत नाही. मोठं करावं तर नुसते चौकोन होतात."

मंचावर मुलांच्या पाच ओळी होत्या. पांढरे सदरे, उघडी तोंडं. कोपऱ्यात एचडी. त्याला दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही.

"टॅब जुना असेल," तो म्हणाला.

"नाही हो. मुलाने ह्याच महिन्यात दिलाय."

"आणा इकडे," बाबा म्हणाले. "ह्याच्या नादी लागू नका. माझा डोळा नवा आहे."

त्यांनी टॅब मांडीवर घेतला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने बघू लागले. चेहऱ्यावर हसू होतं. ते पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेले. टॅब जरा लांब धरला. जवळ आणला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं. मग त्यांनी मान वर करून समोरच्या भिंतीवरचा तक्ता पाहिला, त्याच डोळ्याने. त्यांचे ओठ हलले, एकेक अक्षर करत, अगदी खालच्या ओळीपर्यंत. मग ते पुन्हा टॅबकडे वळले, कोपऱ्यातल्या एचडी ह्या रेखीव अक्षरांकडे.

हसू कधी गेलं ते त्याला कळलं नाही. बाबांनी डाव्या डोळ्यावरचा हात खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो पाय बाकाखाली ओढून बसला.

"आजोबा, चला," सिस्टर दारातून म्हणाली. "तुमचा नंबर."

बाबा उठले नाहीत.

"मी नाही," ते म्हणाले. "आधी हा जाईल आत. डॉक्टरीणबाईंशी बोलायचंय त्याला."

सिस्टरने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यांना काय होतंय?"

टॅब मांडीवर तसाच होता. बाबा शेजारच्या बाईंकडे वळले होते आणि हलक्या आवाजात विचारत होते, नातू उंच आहे का, की आपला बेताचाच.